उताराला ट्रॅक्टर न्यूट्रल करू नका



मागे एका गावी मातीचे नमुने घ्यायला गेलो होतो. वाटेत ओढ्याच्या उतारावर उसाची ट्रॉली आडवी पडलेली दिसली. चालवणारा तरुण बांधावर डोके धरून बसला होता. खांद्याला मार लागला होता, पण जीव वाचला होता. “साहेब, उतार आला की मी न्यूटल करतो. तेवढंच डिझेल वाचतं,” असे तो म्हणाला.

ही समजूत गावोगाव आहे. म्हणून आज तिचा हिशेब करू. डिझेल वाचते किती, आणि त्यासाठी आपण पणाला काय लावतो?

उताराला डिझेल किती लागते?

न्यूट्रल केले म्हणजे इंजिन बंद झाले असे नाही. ते मंद गतीने चालूच असते आणि त्याला थोडे थोडे डिझेल लागतेच.

आता ट्रॅक्टर गिअरमध्येच ठेवून, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून उतरा. अशा वेळी इंजिन चाकांना फिरवत नाही, चाकेच इंजिनाला फिरवतात. इंजिनाचे फेरे वाढले की पंपाचा गव्हर्नर डिझेल तोडतो. म्हणजे गिअरमध्ये उतरताना डिझेल जवळजवळ लागतच नाही. मात्र हाताचा ॲक्सिलरेटर पुढे ओढलेला राहिला, तर हा फायदा मिळत नाही.

मग ही समजूत आली कुठून? जुन्या कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाड्या उताराला गिअरमध्ये असल्या तरी थोडे पेट्रोल ओढत असत. डिझेल ट्रॅक्टरला ती गोष्ट लागू नाही. न्यूट्रलमध्ये उतरलेला ट्रॅक्टर पुढे सपाटीला थोडा जास्त घरंगळतो, हे खरे. पण तो फायदा वाढलेल्या वेगाचा असतो, आणि धोकाही त्याच वेगात असतो.

धोका कुठे आहे?

गिअरमध्ये असताना इंजिन स्वतःच ट्रॅक्टरला मागे ओढून धरते. न्यूट्रल केले, की ही धर सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. कित्येक टन ऊस मागून ढकलतो आणि तो आवरायचा ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी!

त्यात वेग ताशी १० किलोमीटरवरून ३० वर गेला, तर वेग तिप्पट होतो. पण ब्रेकला जिरवावा लागणारा जोर नऊपट होतो. ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. घाबरून पुन्हा गिअर टाकायला जावे, तर त्या वेगात तो पडत नाही, नुसता करकरतो. ट्रॉली बाजूने ढकलू लागली, की ट्रॅक्टर आडवा होतो आणि उलटतो.

क्लच दाबून उतरणे म्हणजेही न्यूट्रलच. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून वाईट. पॉवर स्टीअरिंग असेल, तर ते ऐन वळणावर जड होते.

उतरताना काय करावे?

१) उतार सुरू होण्याआधीच थांबून खालचा गिअर टाका. ज्या गिअरने चढण चढता, त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरने उतरा.

२) उतारावर गिअर बदलू नका. क्लचवर पाय ठेवू नका. हाताचा ॲक्सिलरेटर पूर्ण मागे घ्या.

३) रस्त्यावर ब्रेकची दोन्ही पेडल पट्टीने जोडलेली हवीत. एकाच चाकाला ब्रेक लागला, तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

४) वेग वाढतोय असे वाटताच ब्रेक लावा, वेग उतरला की सोडा. पाय सतत दाबून ठेवू नका.

५) ट्रॉली बेताची भरा. हुकाची पिन आणि तिची खिळी रोज पाहा. मडगार्डवर आणि हुकावर कुणालाही बसवू नका.

डिझेल खरोखर कुठे वाचते?

उभ्या इंजिनाला ढोबळ मानाने तासाला १ लिटर डिझेल धरा. ३ मिनिटांचा उतार न्यूट्रलमध्ये उतरलात, तर ५० मिलिलिटर गेले. म्हणजे वाचवायला निघालो आणि घोटभर डिझेल उलट जाळले. आणि कारखान्याच्या काट्यावर रांगेत दोन तास इंजिन चालू ठेवले, तर तेच २ लिटर होते. म्हणून रांगेत इंजिन बंद करा. एअर क्लीनर साफ ठेवा, टायरमध्ये योग्य हवा ठेवा. बचत तिथे आहे.

त्या तरुणाची ट्रॉली दोन दिवसांनी उभी राहिली. ऊस वाळला, वजन घटले आणि दुरुस्तीचा खर्च वेगळा. तरी तो नशिबाचा, घरी चालत गेला. उताराच्या तोंडाशी हात गिअरच्या दांड्याकडे जाईल, तेव्हा तो न्यूट्रलकडे नको, खालच्या गिअरकडे जाऊ द्या.