दांडा नसलेली रवी

आजी ताक घुसळते तेव्हा रवीचा दांडा तिच्या हातात असतो आणि दुसरं टोक ताकात. आता समजा, भांड्याला घट्ट झाकण लावलं, एकही भोक ठेवलं नाही आणि म्हटलं, “आजी, आता घुसळ!” ती काय म्हणेल, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

आपल्या नाशिकच्या सातपूर-अंबड भागात औषधांचे कारखाने आहेत. इंजेक्शनचं औषध बनवताना नेमकी हीच पंचाईत होते. औषध ढवळायचं तर आहे, पण आत एकही जंतू जाता कामा नये. आणि जंतू केवढा? बरेचसे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे! टाकीला भोक पाडून दांडा आत घातला, तर फिरायला जागा लागणारच. तिथे सील बसवतात, पण ते घासून झिजतं, त्याचा भुगा औषधात पडू शकतो. आणि बारीकशी फट म्हणजे जंतूंसाठी सताड उघडी वेस!

मग दांडाच काढून टाकला. टाकीच्या तळाखाली मोटर, तिच्यावर लोहचुंबक. आत पंखा, त्याच्याही पोटात लोहचुंबक. मधे टाकीचा अखंड पत्रा. बाहेरचा फिरला की आतला निघाला त्याच्यामागे गरगर!

पण टाकी तर स्टीलची, मग चुंबक तिलाच का नाही चिकटत? फ्रीजवरचा चुंबक काढा आणि स्वयंपाकघरातली भांडी तपासा. काहींना चिकटेल, काहींना ढिम्म नाही. टाकीचं स्टील या दुसऱ्या घराण्यातलं. त्यात निकेल मिसळलेलं असतं, म्हणून भरपूर लोखंड असूनही चुंबकाला त्याची ओढ वाटत नाही. मला तर हीच सगळ्यात भारी गंमत वाटते.

जंतू मारायला टाकीत १२१ अंश सेल्सिअसची वाफ सोडतात. पंखा आतच असतो, तोही त्या वाफेत न्हाऊन निघतो.

प्रयोगशाळेत चंचुपात्राखाली ठेवायचा छोटा चुंबकी ढवळकही असतो. अमेरिकेतल्या आर्थर रोझिंगर यांना त्याचं पेटंट १९४४ साली मिळालं.

तुम्हीही करून पाहा. पातळ तळाच्या प्लास्टिकच्या डब्यात बोटभर पाणी घ्या, त्यात यू-पिन टाका, खालून चुंबक गोल फिरवा. पिन नाचेल. आता एकदम जोरात फिरवा. पिन मागे राहिली ना? कारखान्यातही चुंबकांची पकड अशीच सुटते, म्हणून पंखा हळूहळू वेगात आणतात. आजीही रवी आधी सावकाशच फिरवते, नाहीतर ताक थेट तिच्या लुगड्यावर!