गाठीभोवती सांडलेलं एटीपी

एटीपी म्हणजे पेशीचं इंधन, एवढंच शाळेत शिकवलं जातं. पण हा रेणू पेशीबाहेर पडला की निरोप्याचं काम करतो. शास्त्रज्ञ जेफ्री बर्नस्टॉक यांनी १९७२ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा तिच्यावर फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. पुढे एटीपी ओळखणारे ग्राहक सापडले आणि वाद मिटला.

ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा अतिशय आक्रमक कर्करोग. गाठ भराभर वाढते, गाभ्याला रक्त अपुरं पडतं, तिथल्या पेशी मरतात आणि त्यांच्यातलं एटीपी बाहेर सांडतं. एरवी अशा एटीपीने रोगप्रतिकारक पेशी सावध होतात. खरी मेख पुढे आहे. पेशींच्या पृष्ठभागावरचं सीडी३९ हे विकर एटीपीचे दोन फॉस्फेट तोडतं, सीडी७३ तिसरा तोडतं, उरतं ॲडिनोसिन. ते टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींवरच्या ए२ए ग्राहकावर बसलं की त्यांचा मारा थंडावतो. चोराने पहारेकऱ्यालाच गुंगीचं औषध पाजावं, तसा हा प्रकार.

एटीपी ओळखणाऱ्या पी२एक्स७ या ग्राहकाचं वागणं मात्र दुटप्पी: काही प्रयोगांत तो गाठ वाढवतो, काहींत पेशी मारतो. सीडी७३ आणि ए२ए रोखणाऱ्या औषधांवर संशोधन चालू आहे. तूर्त उपचारांची भिस्त शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड या औषधावरच आहे.