फाट्यावरची नोंदवही

मीरा-भाईंदरला पाणी दुरून येते. स्टेम प्राधिकरण आणि औद्योगिक विकास महामंडळ यांच्या मोठ्या वाहिन्यांतून ते शहरापर्यंत पोहोचते आणि पुढे फाट्याफाट्यावर विभागले जाते. प्रत्येक इमारतीसाठी थेट नदीपासून वेगळा नळ टाकावा, असे कोणी म्हणणार नाही. संगणकांच्या जाळ्यात मात्र बहुधा तसेच घडते. एकच व्याख्यान हजार जण पाहत असतील, तर मूळ संगणक त्याच्या हजार प्रती पाठवतो.

ही उधळपट्टी टाळण्यासाठी स्टीव्ह डीअरिंग यांनी मांडलेली 'मल्टिकास्ट' पद्धत १९८९ साली इंटरनेटच्या प्रमाण-दस्तऐवजात आली. मूळ ठिकाणाहून एकच प्रत निघते आणि वाटा फुटतात तेथला राउटर तिची नक्कल काढतो. पाण्याची उपमा येथे अपुरी पडते, कारण फाट्यावर पाणी वाटले जाते, माहिती मात्र दोन्हीकडे पूर्ण जाते.

कोणत्या फाट्यावर नक्कल काढायची हे राउटरला कसे कळते? त्यासाठी राउटर आपापसांत 'पिम' नावाच्या नियमांनी बोलतात. माहिती हवी असलेला राउटर वरच्या राउटरला 'जॉइन' निरोप धाडतो, नको झाली की 'प्रून', म्हणजे फांदी छाटण्याचा. जॉइन एकदा पाठवून भागत नाही, साधारणपणे दर ६० सेकंदांनी तो पुन्हा पाठवावा लागतो. २१० सेकंदांत निरोप आला नाही, तर वरचा राउटर ती फांदी आपणहून छाटतो. राउटर एकमेकांना 'मी आहे' असे दर ३० सेकंदांनी सांगतात, तेथे मुदत १०५ सेकंदांची. दोन्ही ठिकाणी गुणोत्तर साडेतीनच का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर घालावा. एकदोन निरोप वाटेत हरवले तरी फांदी टिकावी, हे त्याचे कारण.

आता समजा, भाईंदरच्या एका महाविद्यालयात मुंबईतील व्याख्यान या पद्धतीने येत आहे. चित्र नीट सुरू होते आणि साडेतीन मिनिटांनी थांबते. जाणकाराला येथेच २१० हा आकडा आठवतो. पहिला जॉइन पोहोचला, पुढचे पोहोचले नाहीत, असा संशय येतो. पण दोष कोणत्या राउटरचा? ते ठरवायला 'ट्रेस' लागतो, म्हणजे राउटरने स्वतः लिहिलेली तपशीलवार, वेळेसह नोंदवही. खालच्या राउटरच्या वहीत दर मिनिटाला 'जॉइन पाठवला' असे आहे आणि वरच्याच्या वहीत एकच 'जॉइन मिळाला', तर निरोप मधल्या वाटेत हरवतात. खालच्याच्या वहीतच नोंद नसेल, तर दुखणे त्याच्याच घरात.

मग सगळेच लिहून का ठेवू नये? हिशेब करून पाहू. ज्युनिपर कंपनीच्या राउटरवर 'ट्रेसऑप्शन्स' या भागात फाइलचे नाव, तिचा आकार, अशा फाइली किती आणि कोणत्या प्रकारचे निरोप टिपायचे, हे सांगता येते. १ मेगाबाइटच्या ५ फाइली ठेवल्या आणि एक ओळ सुमारे १०० बाइटची धरली, तर एकूण जवळपास ५०,००० ओळी मावतात. सर्व प्रकार टिपताना सेकंदाला १०० ओळी पडत असतील, तर वह्या सव्वाआठ मिनिटांत भरतात आणि सर्वांत जुनी पुसली जाऊ लागते. रात्री झालेल्या बिघाडाचा सकाळी मागमूस उरत नाही. फक्त जॉइन-प्रून टिपले आणि सेकंदाला २ ओळी पडल्या, तर तोच साठा सुमारे सात तास पुरतो. शिवाय लिहिणे हेही राउटरच्या प्रोसेसरचेच काम, त्यामुळे गर्दीच्या वेळी अतिलेखनाने राउटर मंदावतो. काम झाले की ट्रेस बंद करणे म्हणूनच आवश्यक. आणि दोन्ही राउटरांची घड्याळे जुळलेली नसतील, तर दोन वह्या शेजारी ठेवून काहीच वाचता येत नाही.

मीरा रोडहून लोकलने वांद्र्याला जाणाऱ्यांना वांद्रे-कुर्ला संकुलातील राष्ट्रीय शेअर बाजार परिचित असेल. तेथे प्रत्येक सौद्याची माहिती दलालांना पूर्वी एकेकाला क्रमाने पाठवली जाई. आधी जोडला गेला त्याला आधी माहिती मिळते का, यावर मोठा वाद झाला आणि सेबीने २०१९ साली आदेश काढला. त्यातील रकमेच्या वसुलीचा भाग अपील न्यायाधिकरणाने २०२३ साली रद्द केला. बाजाराने २०१४ साली मल्टिकास्ट स्वीकारले होते. पण फाटे तेथेही आहेतच. 'आमच्याकडे माहिती थांबली' अशी तक्रार एखाद्या दलालाने केली, तर उत्तर शोधायला राउटरच्या त्याच वह्या उघडाव्या लागतात, तेही पुढच्या ओळी जुन्यांवर चढण्यापूर्वी.