लँडिंगनंतर...

चॅम्पियनपणालाही एक्स्पायरी डेट असते. मग पुढे काय? दीपा कर्माकरची गोष्ट, आणि थोडीशी माझीही.

मध्यंतरी एका शनिवारी भाचीला जिम्नॅस्टिक्सच्या क्लासला सोडायची ड्युटी माझ्यावर आली. ताई ऑफिसच्या टूरवर, जिजू नेहमीप्रमाणे कॉलवर. ‘फ्रीलान्सर म्हणजे रिकामीच’ हे आमच्या घरात सर्वमान्य सत्य असल्यामुळे अपील नव्हतंच! ठाण्यातला एक जुना हॉल. दार ढकललं आणि मॅट्सचा तो रबरी वास आला... मी तिथेच थबकले. कारण आठवीपर्यंत मीही हे सगळं करायचे. नववीच्या सुट्टीत ‘आता दहावीचं बघा’ असं ठरलं आणि माझा क्लास बंद झाला. मी रडले-बिडले नाही. खरं सांगायचं तर पहाटेचा गजर बंद झाला म्हणून खूषच झाले होते.

तिथल्या कोच ताई पस्तिशीच्या असतील. एके काळी राज्य पातळीवर खेळलेल्या. एक मुलगी उलटी कोलांटी मारत होती आणि ताईंचा हात तिच्या पाठीखाली होता. टेकलेला, पण न टेकल्यासारखा. मुलगी उभी राहिली तेव्हा तो हात कधीच बाजूला झालेला होता. मला एकदम आठवण झाली ती दीपाची.

ती रात्र

१४ ऑगस्ट २०१६. रात्रीचे अकरा वाजून गेलेले. पुण्यातल्या आमच्या हॉस्टेलच्या टीव्हीसमोर एरवी क्रिकेटशिवाय गर्दी व्हायची नाही. त्या रात्री मात्र पन्नासेक मुली व्हॉल्ट नावाचा प्रकार बघत बसल्या होत्या. आगरतळ्याची दीपा कर्माकर रिओ ऑलिंपिकच्या फायनलमध्ये होती. ऑलिंपिकला पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट.

तिचा हुकमी एक्का होता ‘प्रोदुनोव्हा’. रशियाच्या येलेना प्रोदुनोव्हाने १९९९ मध्ये यशस्वी करून दाखवलेला हा व्हॉल्ट. जोरात धावत यायचं, स्प्रिंगबोर्डवरून उसळून टेबलावर हात टेकायचे आणि हवेत पुढच्या बाजूला दोन कोलांट्या मारून उभं राहायचं. गोची अशी की, पुढच्या कोलांटीत जमीन अगदी शेवटपर्यंत दिसत नाही. अंदाज चुकला तर मान, पाठ, गुडघे... काहीही जाऊ शकतं. जगात अगदी मोजक्या जणींनी हा व्हॉल्ट स्पर्धेत यशस्वी केलाय. रिओत त्याची काठिण्य पातळी होती तब्बल ७.०.

दीपा उतरली, खूप खाली बसली, बूड जवळजवळ मॅटला टेकलं आणि ती उठली! त्या व्हॉल्टचे १५.२६६ आणि दोन्ही व्हॉल्ट्सची सरासरी १५.०६६. स्वित्झर्लंडच्या जुलिया श्टाइनग्रुबरला १५.२१६. म्हणजे ब्राँझ हुकलं ते फक्त ०.१५ गुणांनी. आमच्या कॉमन रूममध्ये सन्नाटा. आणि मग कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

सरांचा हिशेब

टीव्हीवर दीपा दिसत होती, पण या गोष्टीत आणखी एक माणूस आहे. तिचे कोच बिश्वेश्वर नंदी. तेही एके काळचे जिम्नॅस्ट. त्यांच्या पत्नी सोमा नंदी याही कोच, आणि सहा वर्षांची दीपा आधी गेली ती त्यांच्याच हाताखाली. वडील वेटलिफ्टिंगचे कोच, त्यामुळे लेकीने खेळायचं हे घरात ठरलेलंच. प्रॉब्लेम एकच होता. मुलीचे तळपाय सपाट! ज्या खेळात सगळी मदार उसळीवर आणि उतरण्यावर, तिथे सपाट तळवे म्हणजे सुरुवातच मायनसमध्ये. ते दुरुस्त करण्यात वर्षं गेली.

मुळात त्रिपुरासारख्या छोट्या राज्यात जिम्नॅस्टिक्स आलंच कुठून? हरियाणाहून आलेल्या दलीप सिंग नावाच्या कोचने १९६०च्या दशकात ते तिथे रुजवलं. त्यांचे शिष्य मंटू देबनाथ यांना पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला. खेळाडू घडतो, तो पुढचे घडवतो, अशी ती साखळी आहे. साधनं काय होती म्हणाल, तर जुन्या स्कूटरच्या सुट्या भागांतून जमवलेल्या स्प्रिंगबोर्डवर सराव केल्याचा किस्सा प्रसिद्धच आहे.

आणि शिस्त? रिओत ९ ऑगस्टला दीपाचा तेविसावा वाढदिवस होता, फायनल पाच दिवसांवर. नंदी सरांनी तिच्या फोनचं सिम काढून घेतलं. बोलायची परवानगी फक्त आईबाबांशी! आपल्याला असा बॉस मिळाला तर आपण एचआरकडे तक्रार करू. पण विचार करा, पंचवीसेक वर्षं एकच माणूस तुमच्या प्रत्येक उडीच्या खाली उभा आहे. मग सिम काय चीज आहे?

बीएमडब्ल्यू आणि परीक्षा

रिओनंतर दीपा स्टार झाली. खेलरत्न मिळाला, २०१७ मध्ये पद्मश्री. सचिन तेंडुलकरच्या हस्ते बीएमडब्ल्यूची किल्लीही मिळाली. पण आगरतळ्यात तेव्हा तिचं सर्व्हिस सेंटर नव्हतं आणि रस्तेही तसे नव्हते, म्हणून तिने ती गाडी न ठेवता साधी गाडी घेतली. आणि परत आल्या आल्या काय केलं? एम.ए.च्या परीक्षेला जाऊन बसली! मला हा प्रसंग मेडलपेक्षा जास्त आवडतो.

पुढचा प्रवास मात्र वर-खालीच झाला. २०१७ मध्ये गुडघ्याचा लिगामेंट गेला, मुंबईत ऑपरेशन झालं. २०१८ मध्ये तुर्कस्तानात मेर्सिनच्या वर्ल्ड चॅलेंज कपमध्ये ती सुवर्ण घेऊन परतली, पण त्याच वर्षी एशियन गेम्समध्ये गुडघ्याने पुन्हा दगा दिला. मग टोकियो हुकलं. नंतर हायजेनामाइन या प्रतिबंधित द्रव्यासाठी २१ महिन्यांची बंदी आली, ती जुलै २०२३ मध्ये संपली. तिच्या कहाणीतलं हे पान वगळून पुढे जाता येणार नाही, आणि तिथेच थांबताही येणार नाही. कारण मे २०२४ मध्ये, तिशी उलटल्यावर, ताश्कंदला ती व्हॉल्टमध्ये आशियाई चॅम्पियन झाली. असं सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय.

आणि ७ ऑक्टोबर २०२४ ला तिने निवृत्ती जाहीर केली. वय ३१. शरीर आता विश्रांती मागतंय, असं तिने प्रांजळपणे लिहिलं. दोन्ही कोचचे आभार मानले. आणि आपल्यासारख्या मुलींना शिकवून, मार्गदर्शन करून या खेळाला काही परत देण्याची इच्छा व्यक्त केली.

हात कधी काढायचा?

एकतिसाव्या वर्षी आपण पहिल्या-दुसऱ्या प्रमोशनची वाट बघत असतो. तिचं तर एक अख्खं करिअर संपलं होतं! आणि दुसरं करिअर तितकंच कठीण. स्वतः उडी मारणं वेगळं आणि दुसऱ्याच्या उडीखाली उभं राहणं वेगळं. आपल्या अंगाला जे कळतं, ते आठ वर्षांच्या मुलीला शब्दांत कसं सांगायचं? आपल्याला जमायचं म्हणून तिला जमेलच असं नाही, हे कसं पचवायचं? ठाण्याच्या त्या ताईंनीही मला हेच सांगितलं. पहिली दोन वर्षं त्या मुलींना शिकवत नव्हत्या, मुलींमधून स्वतःच खेळत होत्या. ते थांबलं तेव्हा कुठे त्या कोच झाल्या, असं त्यांना वाटतं.

‘हात लावणं सोपं, काढणं कठीण’ या अर्थाचं काहीतरी त्या बोलल्या आणि मग मला म्हणाल्या, की शनिवारी छोट्या मुलींना सांभाळायला एक जण कमी पडतंय.

मी ‘बघते’ म्हणाले. ‘बघते’ म्हणजे नाही, हे आपल्याला माहीतच आहे. पण पुढच्या शनिवारी डेडलाइन डोक्यावर असताना मी गेले. भाचीच्या पाठीखाली हात धरला. ती उलटली, उभी राहिली आणि माझ्याकडे वळून वैतागून म्हणाली, ‘‘मावशी, सोड ना आता!’’

अजून जातेय मी. हात वेळेवर काढायला अजून जमलेलं नाही. तुमचाही कुठला तरी क्लास दहावीपायी सुटला असेलच ना? या शनिवारी फक्त दार ढकलून तर बघा.