दवाखान्याचा बल्ब कोणी बदलायचा?

समजा, सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीतला बल्ब गेला. रात्रीची वेळ. बाईला कळा सुरू झालेल्या. नवा बल्ब समोरच्या दुकानात मिळतो. मग अडले कुठे?

अडले मंजुरीवर. पूर्वी लहानसहान खर्चालाही वरची मंजुरी लागे. कागद करमाळ्याला, तिथून सोलापूरला. तो परत येईतो कंदील! आपल्या केममध्ये कुंकवाचे कारखाने आहेत. यंत्राचा पट्टा तुटला तर मालक सोलापूरला अर्ज करतो का? तो सरळ दुकान गाठतो. दवाखान्यालाही एवढी मोकळीक नको का?

ही वाट इंदूरने दाखवली. तिथल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदीर माजले होते. १९९४ साली सुरतेला प्लेग आला आणि लोकांना उंदरांची धास्ती बसली. रोगी हलवून सारे इस्पितळ साफ केले. ते तसेच नीट राहावे म्हणून तिथेच एक समिती नेमली. काय दुरुस्त करायचे, काय आणायचे, ते ही समिती ठरवू लागली.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. मग प्राथमिक आरोग्य केंद्रालाही अशी समिती मिळाली. तिचे नाव रुग्ण कल्याण समिती. डॉक्टर तिचे सचिव. वर्षाला एक लाख रुपये तिला द्यायचे असे तेव्हा ठरले. उपकेंद्राला दहा हजार. ते नर्सबाई आणि सरपंच दोघांच्या सहीने काढायचे. नळ, दिवा, साफसफाई, गादी, पडदा अशा गरजा इथल्या इथे भागाव्यात, हा हेतू.

पण समिती नुसती कागदावरही असू शकते बरे का! बैठक भरत नाही, वही तेवढी सह्यांसाठी घरोघर फिरते. तुम्ही सभासद असाल तर ठराव वाचल्याशिवाय सही करू नका. अंगठ्याच्या जागी सही आली ती कशासाठी?

२००७ पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत आणखी एक पाऊल पडले. काही गावांनी दवाखान्यालाच प्रगतिपुस्तक दिले. मास्तर म्हणून मला हे फार आवडले. जनसुनवाई भरली. औषध बाहेरून का आणायला लावता, असे लोक डॉक्टरांना भर सभेत विचारू लागले.

सगळेच मात्र खाली आलेले नाही. डॉक्टरांची नेमणूक आणि बदली वरूनच होते. जागा रिकामी राहिली तर समितीने ठराव करावा, वर पाठवावा आणि पुन्हा पुन्हा विचारत राहावे.