जुना फोटो, जुना कपडा आणि दुकानाची उमर

आपल्या समाजात दुकान तिसऱ्या-चौथ्या पिढीत आले तरी त्याचा इतिहास कुणी लिहून ठेवत नाही. बुजुर्गांच्या तोंडी "आपली पेढी इंग्रजांच्या जमान्यातली" असे असते, पण कागद मागितला तर एक फाटकी वही आणि पेटीतले चार-दोन फोटो निघतात. त्या फोटोंवर ना नाव, ना साल. घरातला शेवटचा जाणता माणूस गेला की ते फोटो मुके होतात. हे नुकसान केवळ आठवणीचे नाही, धंद्याचेही आहे.

दोन उदाहरणे घ्या. दुकानाच्या नावाची नोंदणी करायची असेल तर ट्रेडमार्कच्या अर्जात ते नाव कधीपासून वापरात आहे हे सांगावे लागते आणि त्यासाठी प्रतिज्ञापत्र व पुरावा द्यावा लागतो. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याने आधीपासून नाव वापरणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नंतर आलेल्याने नोंदणी केली म्हणून जुन्याला आपले नाव सोडावे लागत नाही. पण "आधीपासून" हे सिद्ध करायला बिले, परवाने, जाहिराती लागतात. पाटीसकट दुकानाचा जुना फोटो तिथे चांगली साथ देतो.

दुसरे उदाहरण जात पडताळणीचे. आपल्यातल्या ज्या कारागीर बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, त्यांना महाराष्ट्रात १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा विचारला जातो. नुसत्या फोटोवर समिती दाखला देत नाही, हे खरे. पण फोटो कागदापर्यंत पोहोचवतो. आमच्या बाजारातल्या एका शिलाई काम करणाऱ्या कुटुंबाकडे मरहूम वालिदांच्या शाळेचा कागद नव्हता. शाळा कोणती हेही मुलांना माहीत नव्हते. वर्गाचा एक फोटो निघाला, त्यात पुढच्या रांगेतल्या मुलाच्या हातात पाटी होती आणि पाटीवर शाळेचे नाव, इयत्ता व साल होते. त्यावरून शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरातली नोंद सापडली. काम त्या नोंदीने झाले, पण वाट फोटोने दाखवली.

म्हणून फोटोचे साल कसे ओळखावे, हे व्यापारी माणसाने शिकून घ्यावे. त्याला मोठी विद्या लागत नाही. माल पारखायची नजर आपल्याजवळ आहेच.

पहिला नियम

फोटोतली सर्वांत नवी वस्तू शोधा. जुनी वस्तू काही सांगत नाही, कारण आजोबांची शेरवानी नातू लग्नात घालतो आणि तीस वर्षांपूर्वीचे घड्याळ भिंतीवर चालूच असते. पण जी वस्तू बाजारातच आली नव्हती ती फोटोत असू शकत नाही. मागे लुना उभी असेल तर फोटो १९७२ नंतरचा. गाडीच्या नंबरात एमएच-२८ असेल तर १९८९ नंतरचा, कारण बुलडाण्याचा हा क्रमांक नव्या मोटार कायद्यानंतर आला. मनगटावरचे घड्याळ एचएमटीचे आहे असे घरचे सांगत असतील तर १९६१ च्या आधी जाऊ नका.

कपडा काय सांगतो

हा आपल्या धंद्यातला विषय आहे. सुती कापड बसल्या जागी चुरगळते, कोपराला आणि गुडघ्याला घड्या पडतात. टेरिलिन आणि टेरिकॉट सरळ पडते, इस्त्रीची रेघ धरून ठेवते आणि त्यावर किंचित चमक येते. पॉलिएस्टरचा धागा इंग्लंडात १९४१ साली शोधला गेला, पण आपल्या तालुक्याच्या बाजारात तो साधारण साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात रुळला. तेव्हा पुरुषाच्या पॅन्टची रेघ काठीसारखी उभी दिसली तर फोटो त्यानंतरचा समजावा.

शिलाईही पाहा. कोटाची कॉलर चाळीशीच्या दशकात रुंद, साठीच्या सुरुवातीला अरुंद आणि सत्तरीत पुन्हा रुंद झाली. पॅन्ट साठीच्या सुमारास नळीसारखी होती; सत्तरीत बेलबॉटम आली आणि शर्टाची कॉलर लांब टोकाची झाली. सफारी सूट त्याच दशकाच्या शेवटी गावोगाव पोहोचला. मुलीचे केस कपाळावर कापलेले असतील तर लक्षात ठेवा, तो साधना कट १९६० च्या 'लव्ह इन शिमला' नंतरचा.

डोक्यावरची टोपी फार बोलते. लाल रूमी टोपी शिकलेल्या मुसलमान घरांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून होती आणि खिलाफत चळवळीच्या काळात, म्हणजे १९१९ ते १९२४ च्या सुमारास, तिला वेगळा मान होता. तुर्कस्तानात तिच्यावर १९२५ साली बंदी आली, तरी आपल्याकडे ती पुढेही दिसत राहिली. म्हणून रूमी टोपीवरून एकच साल काढू नये, पिढी मात्र ओळखावी.

एक सावधगिरी. स्टुडिओत कोट, टाय, छडी भाड्याने किंवा फुकट मिळत असे. कोट खांद्यावर सैल आणि बाही लांब दिसली तर तो त्या माणसाचा नाही असे धरून चाला. आणि पुरुषाच्या शर्टाची बटणपट्टी उलट्या बाजूला दिसली, तर काच उलटी ठेवून फोटो छापला गेला आहे. मग डावा भाऊ उजवा ठरतो आणि नावे चुकतात.

कागद आणि पाठ

फोटो फ्रेममधून काढता आला तर पाठ आधी पाहा. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, पिवळट-तपकिरी झाक असलेला पातळ कागद बहुधा एकोणिसाव्या शतकातला असतो. त्यात अडीच बाय चार इंचाचे छोटे कार्ड आणि सव्वाचार बाय साडेसहाचे मोठे कार्ड असे दोन नमुने होते. त्यानंतरच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत काळ्या भागावर आरशासारखी चंदेरी साय आलेली दिसते. ती कागदातल्या चांदीची असते, पुसायला जाऊ नये.

पाठीवर 'इंदू' छाप असेल तर कागद उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा. तिथे उत्पादन १९६७ ला सुरू झाले. हाताला प्लास्टिकसारखा गुळगुळीत लागणारा कागद सत्तरीच्या आधीचा नाही. छोटा चौकोनी फोटो बहुधा आग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्याचा. रंगीत फोटो आपल्या भागात ऐंशीच्या दशकात सर्रास झाले. पण गालाला गुलाबी आणि साडीला हिरवा रंग ब्रशने लावलेला असेल तर तो रंगीत फोटो नव्हे, रंगवलेला आहे आणि खूप जुना असू शकतो.

मोठी केलेली प्रत हा आणखी एक पेच. घरातला माणूस गेल्यावर ग्रुप फोटोतून त्याचा चेहरा काढून मोठी प्रत फ्रेम करायची चाल होती. तिथे कागद नवा आणि कपडा जुना दिसतो. साल कपड्याचे धरावे.

स्टुडिओचा शिक्का आणि आपले राज्य

वऱ्हाडातल्या माणसाला इथे एक मोठी सोय आहे. आपला जिल्हा जागेवरच राहिला, पण राज्ये बदलत गेली. १९०३ नंतर वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले. शिक्क्यावर, बिलावर किंवा पाटीवर 'सी. पी. अँड बेरार' असेल तर ते स्वातंत्र्याच्या आसपासचे किंवा त्याआधीचे. १९५० ला नाव मध्यप्रदेश झाले, म्हणजे 'बुलडाणा, म. प्र.' असा शिक्का १९५० ते १९५६ मधला. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. अर्थात जुना शिक्का संपेपर्यंत वापरणारे होते, त्यामुळे एक-दोन वर्षे मागेपुढे धरावीत.

पाटीवरचा भावही पाहा. आणे-पै असतील तर १९५७ च्या आधीचा काळ, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. 'नये पैसे' हा शब्द १९५७ ते १९६४ मधला. कापडाचा भाव वाराचा आहे की मीटरचा? मीटर १९५८ नंतर टप्प्याटप्प्याने आले.

चिखलीला रेल्वे नाही. खामगावला ती १८७० पासून आहे, आणि दुसरा रस्ता जालन्याकडे जातो. त्यामुळे आपल्या घरांतल्या फोटोंवर बाहेरगावचे शिक्के सापडतात. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. तिकडच्या नातेवाइकांनी पाठीवर फसली सन लिहिला असेल तर त्यात ५९० मिळवावे. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. हिजरी सन असेल तर त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावे. हिजरी १३६५ म्हणजे सुमारे १९४६. उर्दू आकड्यात २ आणि ३ मध्ये एका दाताचाच फरक आहे, शाई उडाली की तीनचा दोन होतो. भिंगाने पाहावे. घरात उर्दू वाचणारे अजून आहेत तोवर पाठीवरचा मजकूर वाचून घ्यावा. नव्या पिढीला तो वाचता येत नाही आणि "काहीतरी लिहिले आहे" म्हणून फोटो बाजूला पडतो.

आपल्या घरांत फोटो कमी का

कित्येक बुजुर्गांनी दीन म्हणून आयुष्यभर फोटो काढून घेतला नाही. सरकारी कागदासाठी लागला तेव्हाच काढला. म्हणून आपल्याकडे आजी-आजोबांचा एकमेव फोटो पुष्कळदा हजच्या पासपोर्टचा किंवा १९९३ नंतर आलेल्या मतदार ओळखपत्राचा असतो. हजचा असेल तर साल काढणे सोपे. मुंबईहून जहाजाने जाणे १९९५ पर्यंत चालू होते आणि जहाजाचे नाव घरात कुणाला ना कुणाला आठवते.

पर्द्यामुळे बायकांचे फोटो आणखी कमी. हैदराबादला राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली जनाना स्टुडिओ काढला होता, तिथे फोटो काढणारीही बाईच होती. पण ती सोय अमीर-उमरावांची. गावातल्या बाईच्या वाट्याला ती आली नाही. जो फोटो घरात आहे तो त्यामुळे जास्त जपावा, आणि घरच्यांची परवानगी घेतल्याशिवाय मोबाईलवर फिरवू नये.

आता करायचे काय

आधी बुजुर्गांकडे बसा. एकेक फोटो दाखवा आणि "हे कोण" विचारण्याऐवजी "हा फोटो काढला तेव्हा घरात कोण लहान होते" असे विचारा. माणसाला साल आठवत नाही, पण कोणाचा जन्म आधीचा आणि कोणाचे लग्न नंतरचे हे आठवते. फोटोतल्या लहान मुलाचे वय आणि त्याच्या शाळेच्या दाखल्यातली जन्मतारीख जोडली की साल हाताशी येते. दोन बुजुर्गांना वेगवेगळे विचारा. दोघांचे उत्तर जुळले तर पक्के लिहा, नाही जुळले तर दोन्ही लिहा.

फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, दाब पुढे उमटतो. मऊ शिसपेन्सिलने कडेला हलके लिहा; पेन्सिल धरत नसेल तर नंबर टाकून वहीत लिहा. नावे डावीकडून उजवीकडे, बापाच्या नावासह. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेवरूनच त्याचा फोटो घ्या. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी कटाक्षाने टाळा. स्कॅन ६०० डीपीआयला करा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या प्रतीत बारकावे उडतात आणि तिच्यावरची तारीख पाठवल्याची असते, फोटोची नव्हे.

कोर्ट-कचेरीचे काम असेल तर मूळ फोटो, फ्रेम आणि पाठीवरचा मजकूर आहे तसाच ठेवा आणि वकिलाला दाखवा. त्यावर नवे काही लिहू नका. पुढे सवाल उठला तर त्या नव्या ओळीमुळे जुनीही संशयात येते.

दिवाळीला आणि मार्चअखेरीला आपण दुकानातल्या मालाची मोजदाद करतो. घरातल्या या मालाची मोजदाद मात्र वाडवडील करू शकले नाहीत आणि मुलांना करता येणार नाही. ती आपल्याच पिढीच्या हातात आहे. येत्या जुम्याला नमाजनंतर तासभर काढा, पेटी उघडा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला शेजारी बसवा.