रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट का दुखतं? उत्तर मेंदूच्या स्कॅनमध्ये

वारंवार पोटदुखी, गॅस, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठता. सोनोग्राफी, एंडोस्कोपी, रक्ततपासणी, सगळं नॉर्मल. मग घरचे म्हणतात, ‘मनाचे खेळ आहेत.’ इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणजेच आयबीएसच्या अनेक रुग्णांना हे ऐकावं लागतं.

पण ही वेदना खरी असते. आतड्यांच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं जाळं असतं. व्हेगस नर्व्हसारख्या मार्गांनी ते मेंदूशी सतत बोलत असतं.

संशोधकांनी गुदाशयात छोटा फुगा हळूहळू फुगवला आणि त्याच वेळी एफएमआरआयने मेंदू पाहिला. मेंदूचा कोणता भाग जास्त काम करतोय, हे एफएमआरआय रक्तप्रवाहातील बदलांवरून दाखवतो. निरोगी व्यक्तीला जेमतेम जाणवणारा दाब आयबीएसच्या बऱ्याच रुग्णांना दुखला. वेदना आणि भावना हाताळणारे इन्सुला, अँटेरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स हे भाग त्यांच्यात अधिक सक्रिय असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं. म्हणजे रेडिओ तोच, पण आवाज मोठा केलेला. ताणतणावाने तो आणखी वाढतो.

म्हणूनच २०१६ च्या ‘रोम ४’ निकषांत अशा आजारांना आतडं आणि मेंदू यांच्यातील संवादाचे विकार म्हटलं आहे. उपचारही दोन्ही बाजूंनी होतात: आहारात बदल, औषधं आणि गरजेनुसार समुपदेशन.

मात्र मेंदूच्या स्कॅनने आयबीएसचं निदान होत नाही. सध्या त्याचा उपयोग संशोधनापुरताच आहे. शौचातून रक्त जाणं, कारण नसताना वजन घटणं किंवा अ‍ॅनिमिया असेल, तर आयबीएस समजून थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.